क्रूसावरची अक्षरे

वाँटेज हे इंग्लंडमधले छोटे गाव. तिथल्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला राहिलेल्या पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, तोच एका क्रूसावरून खटका उडाला. गळ्यात घालायच्या त्या क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरलेली होती. लॅटिन आपल्याला कळत नाही, आपल्या देशातल्या बहिणींनाही कळणार नाही. अक्षरे हवीच असतील तर ती संस्कृतात असावीत, असे रमाबाईंचे म्हणणे. त्या मांसाहारही करत नव्हत्या आणि अंडे घातलेले गोड पदार्थही बाजूला सारत. ज्यांना त्या मायेने ‘आजीबाई’ म्हणत, त्या सिस्टर जेराल्डाइन यांना या साऱ्यात जुन्या जातीचा ताठा दिसला. ख्रिस्ताला शरण आलेल्या बाईने या गोष्टी इतक्या घट्ट का धराव्यात, हे त्यांना उमगत नव्हते. रमाबाईंना उमगत नव्हते ते वेगळेच. ख्रिस्त स्वीकारला म्हणून इंग्लंडचे ताट आणि रोमची भाषा का स्वीकारायची?

दोघींचा हा वाद पत्रांतून चालला, आणि तो पत्रव्यवहार पुढे छापला गेला. दोघीही मनापासून श्रद्धाळू आहेत, दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे, आणि तरी भांडण चालले आहे ते एका खुणेवरून.

ख्रिस्ती धर्मात हे भांडण जुने आहे. अंतरीची भक्ती खरी की रविवारची उपासना, उपवास, जपमाळ, प्रभुभोजन हे आचार महत्त्वाचे, असा प्रश्न प्रत्येक पिढीत उठतो. त्याचा निकालही बहुधा झटपट लागतो: हृदय खरे, आचार म्हणजे टरफल. महाराष्ट्रात तर हा निकाल फार लवकर पटतो, कारण सोवळ्याओवळ्यावर कोरडे ओढणारी संतवाणी इथल्या कानांत आधीच भिनलेली आहे. पण ख्रिस्ती इतिहास बारकाईने पाहिला तर हा निकाल घाईचा ठरतो. आचार बिघडतो तो दोन ठिकाणी. एक, तो देवासमोर करायचा सोडून माणसांना दाखवायला केला जातो तेव्हा. दोन, त्याच्या आधाराने कोणाला तरी दाराबाहेर उभे केले जाते तेव्हा. या दोन्ही गोष्टी नुसत्या ‘हृदयाच्या’ भक्तीतही तितक्याच सहज घडतात.

रमाबाईंच्याच आयुष्यात याचा पुढचा अंक आहे. बाप्तिस्म्याला आठेक वर्षे झाली होती. त्या भारतात परतल्या होत्या, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडून पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले होते. अशा वेळी विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मकथन त्यांच्या हाती पडले. हा मनुष्य पाळक झाल्यानंतर, स्वतःच्याच उपदेशाच्या भरात, चर्चमधल्या व्यासपीठावर उभा असताना पालटला होता. ते वाचून रमाबाई थबकल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही, अशा आशयाची कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली आहे. धर्माची सगळी अंगे त्यांनी बुद्धीने तपासून घेतली होती आणि संस्कारही विधिवत झाला होता. तरी काहीतरी राहिले होते. लहानपणी आईवडिलांबरोबर तीर्थामागून तीर्थ पायी तुडवत, व्रते आणि दाने करत, शेवटी दुष्काळात आईबापांना भुकेने जाताना पाहिलेल्या या बाईला आचाराचा पोकळपणा नव्याने शिकवायची गरज नव्हती. नव्या धर्मातही तोच धोका असतो, एवढे मात्र तिला नव्याने कळले.

बायबलमध्ये हा धोका येशूच्या कितीतरी आधी ओळखलेला आहे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. गरिबाला जोड्यांच्या मोलाने विकणाऱ्यांचे सण, होम आणि गाणी देवाला नकोशी झाली आहेत, असे त्याने इस्राएलच्या राज्यात जाऊन सांगितले. यशयाच्या पुस्तकात उपवासाची झडती आहे: मजुरांना पिळून धरलेला उपवास कसला? येशूच्या दाखल्यातला परुशी आठवड्यातून दोनदा उपवास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो आणि मंदिरात उभा राहून ते देवाला ऐकवतो. तो खोटे बोलत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याचे उपवास खरे आहेत, दशांशही खरा आहे. चूक आहे ती त्याच्या नजरेत. मागे उभे राहून ऊर बडवणाऱ्या जकातदाराकडे एक डोळा ठेवून तो प्रार्थना करतो. दुसऱ्याशी तुलना केल्याशिवाय त्याची भक्ती उभीच राहत नाही.

इथे थांबले तर येशू आचारांचा शत्रू वाटेल. शुभवर्तमाने मात्र तसे सांगत नाहीत. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश मोजून देणाऱ्या शास्त्र्यांना त्याने कडक शब्दांत सुनावले, पण दशांश बंद करा असे म्हटले नाही. न्याय, दया आणि विश्वास यांची जोड मागितली. लूक सांगतो की शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात जाणे हा येशूचा परिपाठ होता. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे कौतुक त्याने केले, आणि दानपेटीत दान टाकणे हा पूर्णपणे बाहेरचा आचार आहे. पकडला जाण्याच्या रात्री तर त्याने शिष्यांच्या हाती भाकर दिली, प्याला दिला आणि हे करत राहा असे सांगितले. त्याच रात्री त्याने त्यांचे पाय धुतले. हृदयाचा धर्म शिकवणाऱ्याने जाताना मागे ठेवले ते असे: खाण्याचे, पिण्याचे, पाय धुण्याचे, हातापायांनी करायचे काहीतरी.

आचार बिघडला म्हणजे काय होते, याचा सर्वांत भयंकर दाखला महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच आहे. पोर्तुगीजांच्या गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले १५६० मध्ये. १७३६ मध्ये त्याने काढलेल्या फर्मानात नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांवर घातलेल्या बंदींची लांबलचक यादी आहे. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. लग्नाच्या वेळी मुलामुलीच्या घरी विडा, सुपारी, फुले पाठवायची नाहीत. दारात तुळस लावायची नाही. भात शिजवताना त्यात मीठ घातलेच पाहिजे, कारण अळणी भात ही हिंदू रीत. कोणाच्या मनात येशू आहे की नाही हे शोधण्यासाठी एक धर्मसंस्था त्याच्या चुलीवरच्या भाताची चव घेत होती.

या फर्मानाला केवळ ‘आचाराचा अतिरेक’ म्हणणे अपुरे आहे. न्यायाधीशांचा दावा तर अंतःकरणाचाच होता. वरवरचा ख्रिस्ती नको, आतून ख्रिस्ती हवा, असेच ते म्हणत. पण माणसाला माणसाचे आतले दिसत नाही. आतल्याची चौकशी करायची म्हटले की बाहेरच्या खुणा गोळा कराव्या लागतात. मग तुळस पुरावा होते, धोतर पुरावा होते. शुद्ध हृदयाचा आग्रह हाती सत्ता असलेल्यांनी धरला की तो स्वयंपाकघरात शिरतो.

त्याच भूमीत त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे एका इंग्रज जेझुइटाने अगदी निराळी वाट धरली होती. फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतेक काळ सासष्टीत राहिले. तिथले नवख्रिस्ती त्यांना म्हणत की आमची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, मग त्या जागी आम्ही वाचायचे काय? त्या प्रश्नातून १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत, सृष्टीच्या उत्पत्तीपासून येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची कथा आहे, आणि भाषा कोकणीची झाक असलेली मराठी आहे. ज्या ओवीत सासष्टीच्या माणसांनी आपली जुनी पुराणे ऐकली होती, त्याच ओवीत त्यांना नवी कथा ऐकायला मिळाली. बाहेरचा आकार बदलण्याची गरज स्टीफन्सना वाटली नाही, कारण त्या आकारातूनच ती माणसे भक्ती करायला शिकली होती. स्टीफन्स त्याच राजवटीत वावरत होते आणि धर्मांतराच्या त्याच मोहिमेचे सैनिक होते, हे विसरून चालणार नाही. पण आचाराकडे त्यांनी आरोपीच्या पिंजऱ्यातला पुरावा म्हणून पाहिले नाही. तो त्यांना माणसांच्या मनाकडे नेणारा ओळखीचा रस्ता वाटला.

मग आचारच टाकून दिले तर? ख्रिस्ती जगात हाही प्रयोग झाला आहे, आणि तळमळीने झाला आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये क्वेकरांनी बाप्तिस्मा, प्रभुभोजन, पाळक, घंटा सगळे बाजूला ठेवले आणि शांत बसून आतल्या प्रकाशाची वाट पाहणे एवढीच उपासना ठेवली. विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौजेने १८८३ मध्ये संस्कार बंद केले. खरी गोष्ट आत घडते, विधीवर लोक विसंबून बसतात, अशी त्यामागची भूमिका होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९ सप्टेंबर १८८२ रोजी, फ्रेडरिक टकर यांच्यासह मुक्तिफौजेचे चौघे मुंबईच्या धक्क्यावर उतरले होते. पुढे टकर स्वतःला फकीरसिंग म्हणवू लागले आणि फौजेचे लोक भगव्या कपड्यांत अनवाणी हिंडू लागले.

या दोन्ही मंडळींचे काम मोठे आहे. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात क्वेकर आघाडीवर होते; मुक्तिफौजेने उपाशी आणि आजारी माणसांसाठी जे केले ते भारतातही दिसते. पण विधी टाकून ते विधीविना राहिले का? क्वेकरांचे मौनच त्यांचा विधी झाले. कधी बोलावे, किती बोलावे, कपडा कोणत्या रंगाचा असावा, याचे अलिखित नियम तयार झाले आणि साध्या पोशाखावरून क्वेकर लांबून ओळखू येऊ लागला. मुक्तिफौजेत झेंडा होता, गणवेश होता, ढोल होता, पश्चात्तापासाठी गुडघे टेकायचा बाक होता. याला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. माणूस देहाने जगतो, त्यामुळे त्याचे प्रेमही देहातूनच बाहेर पडते. आई गेल्यावर तिच्या फोटोला हार घालणारा मुलगा कागदावर प्रेम करत नसतो. एक आकार नाकारला की दुसरा आकार येतोच.

हृदयाच्या भक्तीचीही एक फसगत असते, आणि ती जॉन वेस्ली व जॉर्ज व्हाइटफील्ड या दोन इंग्रज उपदेशक मित्रांच्या गोष्टीतून जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच इतर कशातून होईल. ऑक्सफर्डमध्ये वेस्लीच्या मंडळातले तरुण बुधवारी आणि शुक्रवारी उपवास धरत, ठरलेल्या वेळी प्रार्थना करत, तुरुंगात कैद्यांना भेटत. या काटेकोरपणावरून इतरांनी त्यांना ‘मेथडिस्ट’ म्हणून चिडवले. एवढे करून वेस्लीच्या मनाला शांती नव्हती. २४ मे १७३८ रोजी संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका बैठकीत रोमकरांस पत्राला ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकता ऐकता वेस्लीला आपल्या हृदयात ऊब दाटून आल्याचा अनुभव आला. त्या संध्याकाळनंतर वेस्लीने नियम सोडले, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो प्रभुभोजन वारंवार घेत राहिला, उपवास करत राहिला, आणि अनुयायांना छोट्या गटांत बांधून दर आठवड्याला एकमेकांची विचारपूस करायला त्याने लावले. १७७४ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. मृत्यूच्या सहा दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, खासदार विल्बरफोर्सला पत्र लिहून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढत राहण्याचा धीर दिला.

व्हाइटफील्डचे वक्तृत्व वेस्लीहूनही प्रभावी होते. उघड्या मैदानात हजारो माणसे त्याचे ऐकून ढसाढसा रडत. नव्या जन्माची, पालटलेल्या हृदयाची हाक त्याच्याइतकी आर्ततेने त्या काळी फार थोड्यांनी दिली असेल. तोच व्हाइटफील्ड जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरी कायदेशीर व्हावी म्हणून बोलला, आणि तिथल्या त्याच्या अनाथाश्रमासाठी गुलाम राबले. त्याचे अश्रू खोटे होते असे म्हणता येत नाही. ते त्या गुलामांपर्यंत पोहोचले नाहीत, इतकेच म्हणता येते. परुशाला जसा उपवासाचा आधार वाटतो, तसा भाविकाला आपल्या भरून आलेल्या डोळ्यांचा वाटू शकतो.

म्हणून कसोटी आत-बाहेर या रेषेवर लावण्यात फारसा अर्थ नाही. ती कुठे लावावी, याचे उत्तर पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात मिळते. तिथले श्रीमंत प्रभुभोजनाला आधी येऊन खाऊनपिऊन घेत आणि कष्टकरी उशिरा येऊन उपाशी राहत. पौलाने त्यांना भावना शुद्ध करा एवढेच सांगून सोडले नाही, आणि भोजन बंद करा असेही म्हटले नाही. एकमेकांसाठी थांबा, असे सांगितले. आचार तोच ठेवायचा आणि त्यात कोण उपाशी राहतो ते पाहायचे.

भारतात ही कसोटी जातीची झाली. तंजावर भागातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत वरच्या आणि खालच्या जातींचे ख्रिस्ती वेगळे बसत, प्रभुभोजनही वेगळे घेत. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी हा भेद ताबडतोब आणि कायमचा संपवण्याचा आदेश काढला, तेव्हा अनेकजण मंडळी सोडून गेले. जाणाऱ्यांना येशू नको होता असे नाही. त्यांना तोच प्याला नको होता. दुसरीकडे, ज्यांच्या वाडवडिलांना गावच्या विहिरीला हात लावता आला नव्हता, अशा नगर जिल्ह्यातल्या महार-मांग कुटुंबांतून आलेल्या ख्रिस्ती माणसाला तो प्याला ओठांना लावण्याचा अर्थ काय वाटला असेल? हा ‘नुसता विधी’ आहे, खरी भक्ती मनात असते, असे त्याला सांगणे सोपे आहे, पण ते सांगणाऱ्याच्या घरात पाण्याचा माठ कधी बाटलेला नसतो. ज्याला आयुष्यभर स्पर्श नाकारला गेला, त्याच्यासाठी सामाईक प्याला हा ईश्वराच्या प्रेमाचा सर्वांत ठोस पुरावा असू शकतो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात या साऱ्या प्रश्नांची गाठ पडते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पाच वर्षांनी तो घेतला, आणि शिवाशीव त्यांच्या मनातून गेली ती त्याच्याही आधी. सोवळ्याने झपाटलेल्या वडिलांच्या घरात बालपण काढलेल्या या बाईसाठी तो केवढा प्रवास होता, हे त्यांचे आत्मकथन ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. टिळक सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात आणले, टाळ-मृदंगाच्या भजनात आणले. आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला: बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताचे शिष्य म्हणवणारे सगळे जिथे एकत्र बसतील असा बंधुवर्ग. ज्या संस्काराने हिंदू आणि ख्रिस्ती यांच्यात भिंत उभी राहते, तो संस्कार दाराची कडी होऊ नये, एवढी त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या; ख्रिस्ती माणसाला पुरायचेच असते असे मानले जाण्याच्या काळातली ही गोष्ट.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. टिकली ती त्यांची गीते. ती ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात आहेत आणि नगर, पुणे, सोलापूर, मुंबईच्या मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत गायली जातात. संस्थेच्या बाहेर पडलेल्या कवीची आर्तता संस्थेच्याच नेमाने जिवंत ठेवली आहे. एखाद्या रविवारी गाणाऱ्याचे मन भलतीकडे असेल, ओठ नुसते हलत असतील. पण शब्द हाताशी राहतात, आणि एखाद्या दुःखाच्या दिवशी तेच पाठ शब्द अचानक अर्थाने भरतात. नेमाचे मोल बहुतेक असे उशिरा कळते.

वसईतल्या कॅथलिक घरांनी आचार आणि भाषेची ही गाठ वेगळ्या रीतीने अनुभवली. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिस्सा लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी केली. शतकानुशतके लॅटिनमध्ये चाललेला विधी मराठीत आला. विधीचा गाभा तोच, भाकर आणि द्राक्षरस तेच; पण आता वाडीतल्या आजीला कळू लागले की धर्मगुरू तिच्या वतीने काय मागत आहे. पुढे त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि ‘हरित वसई’च्या चळवळीत झाडे, पाणी, जमीन वाचवण्यासाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरले. वेदी आणि रस्ता त्यांना वेगळे वाटले नाहीत.

क्रूसावरची अक्षरे कळली पाहिजेत, हा रमाबाईंचा हट्ट त्यांच्या आयुष्यभर टिकला. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा यांनी त्यांचे केडगावचे मुक्तिसदन भरून गेले. १९०५ च्या जूनमध्ये तिथे प्रार्थनेची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत, रडत. शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेकांना तो गलका रुचला नाही. रमाबाईंनी तो दडपला नाही. त्याचबरोबर विहिरीचे पाणी, शेत, स्वयंपाक, शिकवणे, दीड-दोन हजार तोंडांना रोज दोन वेळचे अन्न, हेही थांबू दिले नाही. उरलेल्या वेळात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या. त्यांना ते पंडितांचे नको होते. खेड्यातली बाई वाचेल आणि समजेल असे हवे होते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ते भाषांतर १९२४ मध्ये पूर्ण छापून झाले, मुक्तिसदनाच्या स्वतःच्या छापखान्यात. एकेकाळी अक्षरओळख नसलेल्या बायका तिथे खिळे जुळवत होत्या, ओळीमागून ओळ, पानामागून पान, बोटांना शाई लागलेली.